कापडावरचे शेवाळ आणि तेलाचा हिशेब

प्रश्न : इंदूरजवळच्या सांवेर व देपालपूर भागातील काही शेतकरी बांधवांनी विचारले आहे की, कापडी पट्ट्यांवर सूक्ष्म शेवाळ वाढवून जैवइंधनासाठी तेल विकता येईल असे एक विक्रेता सांगतो, तर गोठा धुतलेले पाणी वापरून १०० चौरस मीटर पट्ट्यांचा संच बसवावा काय?

उत्तर : तेलाच्या भरवशावर बसवू नये. पद्धत मात्र खोटी नाही. हौदात शेवाळ वाढवल्यास एका लिटर पाण्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅमच कोरडा ऐवज असतो आणि तो पाण्यातून वेगळा करण्यातच बराचसा खर्च जातो. तेच शेवाळ कापडाला धरून वाढले, तर खरवडून निघणाऱ्या लगद्यात १० ते २० टक्के घन भाग मिळतो. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात सुती कापडाचा पट्टा पाण्यातून उजेडात सतत फिरता ठेवून हे करून दाखवलेले आहे.

आता हिशेब पाहू. एका चौरस मीटरला रोज १० ग्रॅम कोरडे शेवाळ आणि त्यात २० टक्के तेल धरले, तर आपल्या संचातून दिवसाला एक किलो शेवाळ व २०० ग्रॅम तेल निघेल, म्हणजे वर्षातले ३०० दिवस काम चालल्यास ६० किलो. एवढे तेल सुमारे तीन क्विंटल सोयाबीनमध्ये असते, आणि एवढ्याशा जागेत तीन क्विंटल सोयाबीन कधीच पिकणार नाही, त्यामुळे विक्रेत्याचे बोलणे पटते. अडचण पुढे आहे. हा लगदा घाण्यावर चालत नाही; तो वाळवून सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या रसायनाने, तेल काढावे लागते, आणि माळव्यात सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट असले तरी त्यांना टनांनी कोरडा माल लागतो, रोजचा एक किलो नव्हे. शिवाय नत्राचा (नायट्रोजनचा) पुरवठा तोडल्यावर शेवाळात तेल वाढते, पण वाढ मंदावते; गोठ्याच्या पाण्यात तर नत्र भरपूरच असते.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी मात्र या शेवाळाचा विचार अवश्य करावा, कारण तेथे लगदा वाळवावा लागत नाही. शेवाळात नत्राचे प्रमाण जास्त असल्याने ते एकटे न घालता शेण व बारीक केलेल्या भुश्शात थोडे थोडे मिसळावे, नाहीतर अमोनिया साचून गॅस कमी होतो. उरलेले कंपोस्टमध्ये घालावे. कंपोस्टची एक पद्धत इंदूरच्याच नावाने जगभर ओळखली जाते, तेव्हा त्याविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रयोगच करायचा असेल तर चार-पाच चौरस मीटर जाड सुती कापडापासून सुरुवात करावी. गोठ्याचे पाणी गाळून व पातळ करून वापरावे, कारण गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही आणि जास्त अमोनिया शेवाळाला मारक ठरतो. फवारणीच्या पंपाचे धुवण त्यात कधीही जाऊ देऊ नये. थर जाड झाला की आतल्या पेशींना उजेड मिळत नाही व तो आपोआप गळून पडतो, म्हणून साधारण आठवड्याने खरवडावे, पण पातळ थर कापडावर राहू द्यावा; त्यावरूनच पुढची वाढ होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा शेडनेट लागेलच. सुती कापड काही महिन्यांत कुजते, हा खर्चही धरावा. असे शेवाळ जनावरांना खाऊ घालू नये. अशा पाण्यात विषारी नील-हरित शेवाळही वाढू शकते.

विक्रेत्याशी बोलताना तेल कोण, किती आणि कोणत्या दराने घेणार, हे लेखी मागावे. ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.