तबल्याला गवसणी घातली, आता काय?

टोरांटोहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, तीन वर्षं पुण्यातल्या गुरुजींकडे ऑनलाइन तबला शिकतोय. प्रारंभिक परीक्षा झाली, प्रवेशिका प्रथमही झाली. जानेवारीपासून मात्र 'तिरकिट' या बोलावर अडलाय. लय वाढली की बोटं अडखळतात, तो रडतो, आणि आता त्याने तबल्याला गवसणी घालून ठेवली आहे. सोडू द्यावं का?

ताई, इतक्यात नको. पण बळजबरीही नको.

पहिल्या वर्षी सगळंच नवं असतं. 'धा' नीट वाजला की घरभर आनंद. तिसऱ्या वर्षी कान पुढे जातो आणि हात मागे राहतो. त्याचा 'ति' पूर्वीही बोदाच वाजत असणार, फक्त तो आता त्याला ऐकू येतो. त्याला वाटतं, आपलं बिघडलं. हे त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

मी तेरा वर्षांची असताना 'धिरधिर'वर अशीच अडले होते. गुरुजींनी दोन महिने लय निम्म्यावर आणून ठेवली. मला तो अपमान वाटला, घरी येऊन खूप रडले. तिसऱ्या महिन्यात नगम्यावर, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या, फिरून फिरून येणाऱ्या धुनेवर वाजवताना लक्षात आलं, तळहात कसा फिरवायचा याचा विचारच करावा लागत नव्हता. म्हणून सांगते, लेहऱ्याचं (लेहरा म्हणजे तोच नगमा) ॲप अगदी संथ ठेवा. पंधरा मिनिटं पुरे, पण रोज.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, आणि मला तीच मोठी वाटते. ऑनलाइन शिकवणीत आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे गुरुजी त्याच्याबरोबर वाजवू शकत नाहीत. तो एकटा वाजवतो, मग चूक ऐकतो. तीन वर्षांत त्याने कुणाला साथ केली आहे का? तुम्ही लहानपणी गात होता असं लिहिलंय. मग एखादा अभंग म्हणा, त्याला भजनी ठेका धरू द्या. आठ मात्रा त्याला येतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघं एकत्र आलात की त्याचा चेहरा बघा.

थंडीचंही पाहा. हीटिंगच्या कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ताणली जाते, सूर चढतो, लेहऱ्याशी जुळत नाही, आणि पोर स्वतःच्या हाताला दोष देतं. तबला हीटिंगच्या झरोक्यापासून लांब ठेवा. गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीला, खालून हलके ठोके देऊन सूर उतरवायला गुरुजींकडून शिकून घ्या.

परीक्षेचं हे सत्र सोडून द्या, पुढचं येतंच.

तुम्ही लिहिता, 'तबला सुटला तर त्याचं मराठीपण सुटेल असं वाटतं.' ते वाचून माझ्या घशाशी आवंढा आला. परक्या देशात ही भीती किती खरी असते ते मला ठाऊक आहे. पण ती भीती त्याच्यापर्यंत पोहोचली असेल, तर प्रत्येक चुकलेला बोल त्याला आईला दुखावल्यासारखा वाटत असेल. ते ओझं आज रात्रीच काढून घ्या. 'नाही वाजवलास तरी चालेल' हे त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत असं करून बघा. तेव्हाही तो नकोच म्हणाला, तर गुरुजींना फोन त्यालाच करू द्या. तुम्ही शेजारी बसा.