रोषणाईने शहराचे दुःख हलके होते का? कोबेचा अनुभव

सार्वजनिक जागी उभारलेल्या प्रकाशकलाकृतींमुळे आपत्ती सोसलेल्या लोकांच्या मनाला खरोखर शांतता लाभते, की ती निव्वळ रोषणाई असते, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त जपानमधील ओसाकाला असताना शेजारच्या कोबे शहरातील ‘ल्युमिनारिए’ हा दिव्यांच्या कमानींचा सोहळा मी दोनदा पाहिला, त्यावरून सांगतो.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे परिसरात झालेल्या हानशिन-आवाजी भूकंपाने ६,४३४ माणसांचा बळी घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मृतांच्या स्मरणार्थ आणि शहराला उभारी यावी म्हणून, इटलीचे वालेरिओ फेस्ती आणि जपानचे हिरोकाझू इमाओका यांनी जुन्या परदेशी वसाहतीतील रस्त्यावर दिव्यांच्या कमानी एकामागोमाग एक उभ्या केल्या. दक्षिण इटलीत संतांच्या उत्सवांना लाकडी सांगाड्यांवर दिवे बसवून अशा कमानी करतात, त्याच परंपरेतले हे काम. ते एकदाच व्हायचे होते; परंतु पहिल्या वर्षीच सुमारे २५ लाख लोक आले आणि ते चालू राहावे असा आग्रह शहरवासीयांनीच धरला. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या आग्रहात दिसते. पडझड आणि काळोख पाहिलेल्या त्या लोकांना संध्याकाळी घराबाहेर पडून चार माणसांत मिसळायला काहीतरी निमित्त हवे होते, आणि ते या दिव्यांनी दिले.

शांतता मात्र तिथे फारशी मिळत नाही. मी गेलो तेव्हा मोतोमाची स्थानकापासून एकाच दिशेने सरकणाऱ्या रांगेत ‘थांबू नका, पुढे चला’ हेच सतत कानांवर पडत होते, आणि कमानीखाली पोहोचेपर्यंत पाय भरून आले होते. करोनामुळे पडलेल्या खंडानंतर, २०२४ पासून, हा सोहळा जानेवारीत आणि एकाहून अधिक ठिकाणी विभागून होऊ लागला, हे बरे झाले.

खरी शांतता मी अनुभवली ती कोबेतल्याच हिगाशी युएन्ची उद्यानात, १७ जानेवारीच्या पहाटे. तिथे बांबूच्या नळ्यांत आणि कागदी कंदिलांत मेणबत्त्या लावून जमिनीवर ‘१.१७’ हे आकडे मांडतात आणि ५ वाजून ४६ मिनिटांनी सगळे जण मान खाली घालून स्तब्ध उभे राहतात. विझलेली मेणबत्ती शेजारचा अनोळखी माणूस न सांगता पेटवून देतो. कलाकृती म्हणून त्यात पाहण्यासारखे फार काही नाही, आणि म्हणूनच बहुधा कॅमेऱ्यांची गर्दी कमी असते.

या मेणबत्त्यांसाठी ज्योत घेतात ती त्याच उद्यानातील ‘आशेच्या दिव्या’वरून. भूकंपग्रस्त गावांतून आणि जपानच्या सर्व ४७ प्रांतांतून आणलेल्या ज्योती एकत्र करून २००० साली तो प्रज्वलित करण्यात आला. २०११ च्या त्सुनामीत रिकुझेनताकाता शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्याच वर्षअखेरीस तिथे लावलेल्या दिव्यासाठी ज्योत कोबेहूनच नेली होती.