दाखला नाही म्हणून परत पाठवलेली मुलगी

प्रश्न : मॅडम, मी घाटंजी तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षांपासून गणित शिकवतो. बी.एड. आहे. आमचे मुख्याध्यापक तीन वर्षांनी निवृत्त होतील. सेवाज्येष्ठतेनं माझा नंबर लागू शकतो, म्हणून मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेला प्रवेश घेतला. बाकीचे पेपर जमतात, पण कायद्याचं पुस्तक उघडलं की कलमं डोक्यात राहत नाहीत. स्टाफरूममध्ये म्हणतात, 'कायदा-बियदा काही लागत नाही. जीआर (शासन निर्णय) वाचायचा आणि संस्थेचे अध्यक्ष सांगतील तिथं सही करायची.' खरंच एवढंच असतं का? अभ्यास कुठून सुरू करू?
— एक शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : सर, एवढंच असतं असं मलाही वाटायचं, आणि ते एका पोरीला भोगावं लागलं.

2011 चा जुलै. दिग्रसकडच्या एका शाळेत प्रभारी मुख्याध्यापिका होऊन मला महिनाही झाला नव्हता. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे प्रवेशाची सगळी गर्दी जुलैत. एक बाप मुलीला घेऊन आला. वीटभट्टीवरून कुटुंब गावी परतलं होतं. मुलीची सहावी तिकडच्या शाळेत झाली होती, इथं सातवीत बसायचं होतं. दाखला नव्हता. आमचे बाबू म्हणाले, "टीसीशिवाय दाखल-खारीज रजिस्टरला नाव चढत नाही, मॅडम." मी बापाला सांगितलं, दाखला घेऊन या. तो म्हणाला, "तिकडं जाव तं दोन दिवसाची मजुरी बुडते जी. पोरीले बसू तं द्या." मी नाही म्हटलं. मुलीनं खिचडीसाठी जर्मनचं ताट सोबत आणलं होतं. ते तिनं ओढणीत गुंडाळलं आणि दोघं फाटकातून बाहेर गेली.

ती परत आली पोळा झाल्यावर. मधले सगळे दिवस तिचे आईसोबत निंदणात गेले.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू होता. माझ्या कपाटात त्याची प्रत होती. कलम 5 मी वाचलं ते ती मुलगी परत आल्यावर. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला तात्काळ द्यायचा, उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला यायला उशीर झाला हे दुसऱ्या शाळेनं प्रवेश अडवण्याचं कारण होऊ शकत नाही. इतकं स्पष्ट लिहिलंय. कलम 14 मध्ये वयाच्या पुराव्याचंही तसंच आहे, पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही. बाबूंना मी दोष देत नाही, ते वर्षानुवर्षं जुन्याच पद्धतीनं रजिस्टर लिहीत होते. 'नाही' मी म्हटलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. टेबलावर येणाऱ्या कागदापासून करा. त्या ऑगस्टनंतर मी एक जाड वही केली. डाव्या पानावर आज काय आलं ते लिहायचं : टीसीचा अर्ज, शिक्षकाची रजा, जन्मतारीख दुरुस्तीची विनंती, पोषण आहाराबद्दल तक्रार. उजव्या पानावर ते कुठल्या कायद्यात, कुठल्या कलमात बसतं ते, आणि कलम स्वतःच्या हातानं उतरवून काढायचं. गाइडमधला सारांश नाही, मूळ शब्द. दिवसाला एकच कागद घेतला तरी वर्षभरात वही भरते. तुम्ही अजून खुर्चीवर नाही, पण कार्यालयात रोज काय येतं ते तुमच्या मुख्याध्यापकांना विचारलं तर सांगतील. विचारणारा शिक्षक मुख्याध्यापकाला आवडतो, हे मी अनुभवानं सांगते.

उतरवताना क्रियापदावर नजर ठेवा. 'देईल', 'करील' असं असेल तर तिथं तुम्हाला निवड नाही. 'करता येईल' असेल तर विवेक तुमचा, आणि तो का वापरला हे फाइलवर लिहून ठेवायचं. गणिताच्या माणसाला हा फरक माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता स्टाफरूममधल्या त्या जीआरबद्दल. आधी अधिनियम, त्याच्या खाली नियम, त्याच्या खाली शासन निर्णय, आणि परिपत्रक सगळ्यात खाली. खालचा कागद वरच्याला कापू शकत नाही. ते तर नियमालासुद्धा जमत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यानं शिक्षणहक्क कायद्याखालचा नियम बदलला होता : सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के राखीव प्रवेशातून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला, कारण मूळ कायद्याच्या कलम 12 मध्ये अशी सूट नाही. हा निकाल पेपरातही लिहा आणि मनातही ठेवा. जीआर जरूर वाचायचा, पण तो कुठल्या कलमाखाली निघाला हे बघून.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला अध्यक्षांच्या सहीचा वाटतो. त्यासाठी तुम्हाला महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आणि त्याखालची 1981 ची नियमावली हवी. अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाचं अर्धं आयुष्य या दोन पुस्तकांत जातं.

एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या अध्यक्षांचा फोन आला. "त्या शिपायाला उद्यापासून येऊ देऊ नका. सस्पेंड समजा." शिपाई न सांगता दोन दिवस गैरहजर होता, आणि परत आल्यावर कोणाला तरी उलट बोलला होता. रात्री मी 1981 च्या नियमावलीतला नियम 33 काढला. निलंबनाआधी चौकशी करायची की नाही हे संस्थेनं ठरवायचं, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मग 35 वाचला. परवानगी न घेता निलंबित केलं तर निलंबनकाळात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता पहिल्या महिन्यापासून संस्थेनं स्वतः द्यायचा. परवानगी घेतली असेल तर पहिले चार महिने तो शासनाच्या वेतन योजनेतून निघतो, त्यानंतर तिथंही भार संस्थेवरच. एक नियम वाचून थांबलं की अर्धंच कळतं, म्हणून दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचायचे.

सकाळी पुस्तक घेऊन मी अध्यक्षांच्या घरी गेले. ओसरीवर तुरीच्या पोत्यांशेजारी बसून त्यांना दोन्ही नियम मोठ्यानं वाचून दाखवले. माझं मत सांगितलं नाही, फक्त वाचलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आधी कोणी सांगितलं नाही मॅडम." शिपायाला लेखी समज दिली, त्यानं खुलासा दिला, विषय संपला. पुढं तो त्याच शाळेतून निवृत्त झाला. कायदा शिकून मर्जीपुढं काय उपयोग असं जे म्हणतात, त्यांनी ती ओसरी बघायला हवी होती. संस्थाचालक बरेचदा वाईट नसतात, त्यांना कोणी वाचून दाखवलेलं नसतं. आणि जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी 1977 च्या अधिनियमाचं कलम 9 आहे : बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा डावलून दिलेली पदोन्नती, याविरुद्ध कर्मचाऱ्याला 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं. तिथं संस्थेच्या बाजूनं उभं राहून कागद दाखवायची वेळ मुख्याध्यापकावरच येते.

त्याच अधिनियमाचं कलम 7 सुद्धा आजच उतरवा. राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालानं संस्थेकडं. नोकरी लागताना कोऱ्या कागदावर सह्या घेतल्याच्या कहाण्या तुम्हीही ऐकल्या असतील. हे कलम वाचलं की ते कशासाठी आहे ते लगेच समजतं.

कापसाच्या वेच्याचं एक सांगते, कारण ते तुमच्याकडंही होतंच. दिवाळीनंतर वर्ग अर्धे रिकामे होतात. काही शाळा पंधरा दिवस वाट बघून नाव कमी करतात. आठवीपर्यंतच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याचं कलम 16. मला नाव कमी करणं म्हणजे मागच्या दारानं काढणंच वाटतं. नाव कमी करण्याऐवजी शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना सोबत घ्या. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्या कोणाच्या वावरात कोण मूल आहे हे तुमच्यापेक्षा चांगलं सांगतात. आम्ही तसंच करायचो. सगळी मुलं परत येत नसत, पण रजिस्टरवर नाव असल्यानं येणाऱ्यांना परत येताना लाज वाटत नसे.

2012 चा पोक्सो कायदा परीक्षेत दोन गुणांना येईल, पण तो सगळ्यात नीट वाचा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता जरी वाटली, तरी पोलिसांना कळवणं कलम 19 नुसार बंधनकारक आहे. 'आधी आपण आपल्यात बघू, गावात बोभाटा नको' असं म्हणणारे नक्की भेटतील, त्यात चांगली माणसंही असतील. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं कळवला नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. पण कैदेच्या भीतीनं वाचू नका. मूल तुमच्याकडं सांगायला आलं, तर तुमच्याइतका मोठा माणूस त्याला दुसरा माहीत नाही, म्हणून वाचा.

परीक्षेपुरतं संविधानाचं लवकर होईल. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, आलं 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं, आणि 2002 च्या 86 व्या दुरुस्तीनं शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं कलम 21क आलं. या दोन पायऱ्या लक्षात ठेवल्या की 2009 चा शिक्षणहक्क कायदा कुठून आला ते पाठ करावं लागत नाही.

शेवटी तुमच्या स्वतःच्या नंबराचं. 1981 च्या नियमावलीतला नियम 3 बघा : माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवीनंतर पूर्णवेळ अध्यापनाचा एकूण पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन बी.एड. नंतरची. ते तुमचं झालेलं आहे. पण 'लागू शकतो' असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे यादी तुम्ही पाहिलेली नसावी. नियम 12 प्रमाणे सेवाज्येष्ठता यादी अनुसूची फ नुसार करून सगळ्या कर्मचाऱ्यांना दाखवायची असते आणि हरकती विचारात घ्यायच्या असतात. पुढच्या वेळी ती सहीला फिरेल तेव्हा घाईत सही करू नका. तुमची नियुक्तीची तारीख आणि बी.एड. ची तारीख मूळ कागदांशी ताडून बघा, चूक असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. सहीखाली तारीख घाला आणि एक झेरॉक्स मागून तुमच्या वहीत लावा.