नवी मेट्रो कुणाच्या हाती असावी?

झपाट्याने वाढणाऱ्या शहरात मेट्रो आली, तर तिचा कारभार महापालिकेकडे असावा, राज्य सरकारकडे की वेगळ्या कंपनीकडे, असं तुम्ही विचारलंय.

बांधायला वेगळी कंपनीच हवी. दिल्ली मेट्रोची कंपनी १९९५ मध्ये केंद्र आणि दिल्ली सरकारच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीत स्थापन झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये पहिला मार्ग सुरूही झाला. मला काळजी असते ती त्यापुढची.

मी अशा प्रकल्पांच्या करारांवर काम करतो. एका स्थानकाचा जिना जिथे उतरत होता, तिथे शेवटच्या पायरीपुढे जेमतेम मीटरभर पदपथ आणि लगेच उघडं गटार होतं. पायरीपर्यंतची हद्द मेट्रोची, पदपथ महापालिकेचा, बसथांबा तिसऱ्याच यंत्रणेचा, आणि तोही बराच लांब. बैठकीत तिघांनी आपापले नकाशे मांडले. एकाचाही नकाशा चुकीचा नव्हता. गटारावर फरशी पडायला दोन पावसाळे गेले, आणि तोवर म्हातारी माणसं कठडा धरून बाजूने सरकत होती.

म्हणून कंपनीच्या वर बस, रेल्वे, तिकीट आणि पायी चालणारा माणूस, सगळं एकत्र बघणारं एक परिवहन प्राधिकरण हवं. भारताच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात ते आहे. पण कायद्याचं बळ आणि हातात पैसा नसेल, तर ती नुसती समिती होते. नायजेरियातल्या लागोसमध्ये लामाटा या एकाच प्राधिकरणाच्या देखरेखीखाली २००८ मध्ये बीआरटी, म्हणजे वेगळ्या मार्गिकेतून धावणारी बससेवा, आणि २०२३ मध्ये ब्लू लाइन हा रेल्वेमार्ग आला. तिकिटाचं काउरी कार्ड दोन्हीकडे चालतं.

खाजगी भागीदार घ्यायचा असेल तर दिल्लीचा विमानतळ मार्ग आधी अभ्यासा. तिथे पूल आणि बोगदे सरकारी कंपनीने बांधले. रूळ, यंत्रणा आणि गाड्या खाजगी कंपनीकडे होत्या. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या बांधकामातल्या दोषांमुळे सेवा बंद पडली. वर्षभरात खाजगी कंपनी बाहेर पडली आणि भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२४ पर्यंत चालला. दोन कामं जिथे एकमेकांना टेकतात, तिथला दोष कुणाचा आणि तो कोण ठरवणार, हे सही करण्याआधीच लिहून ठेवावं लागतं.

देखभालीच्या पैशाचंही तसंच. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबाची शहरी रेल्वे २०१५ मध्ये चिनी कर्जावर उभी राहिली, पण पुढे सुट्या भागांअभावी ४१ पैकी बऱ्याच गाड्या आगारात उभ्या राहिल्या.

तुमच्या शहराचा प्रकल्प अहवाल मिळाला, तर चालवण्याच्या खर्चाचं पान आधी काढा. तूट कोण भरणार, तिथे यंत्रणेचं नाव आहे का ते बघा. नसेल तर हरकतींच्या मुदतीतच लेखी विचारा. बांधकाम सुरू झाल्यावर या प्रश्नाला उत्तर मिळताना मी क्वचितच पाहिलंय.