मेजर ध्यानाला बसतात आणि पाठ जास्तच दुखते

माजी सैनिकांच्या घरून हमखास येणारी एक काळजी आहे. "डॉक्टरांनी ध्यान करायला सांगितलं. हे रोज न चुकता बसतात. पण उठले की पाठ जास्त दुखते, दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत, रात्री दचकून उठतात. ध्यान यांना सोसत नाही का? बंद करायला सांगू का?" विचारणारी बहुधा बायको असते. सैनिक स्वतः एवढंच म्हणतो, "आपलं मनच कच्चं झालंय."

याचं उत्तर एका हकिगतीतून देते. ओळख पटू नये म्हणून वय, तैनाती, घरचे तपशील बदलले आहेत आणि दोघा-तिघांचे अनुभव एकत्र केले आहेत. सातारा जिल्ह्यात निवृत्त हवालदारालाही गाव 'मेजर'च म्हणतं, म्हणून इथेही मेजर.

मेजर अठ्ठेचाळीस वर्षांचे. बावीस वर्षं नोकरी, त्यातला बराच काळ काश्मीरमध्ये. उंचावर पाठीवर ओझं वाहून कमरेतली चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली, उजव्या पायात मुंग्या. एकदा ताफ्यातली पुढची गाडी स्फोटात सापडली होती, त्याबद्दल ते दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. आता थोडी आल्याची शेती आणि एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची पाळी. झोप तीन-चार तास. झोप यावी म्हणून कँटीनच्या कोट्यातली रम, आणि दुखणं दबावं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक. मोबाइलवरच्या एका ध्वनिफितीवर पहाटे चाळीस मिनिटं ध्यान : जमिनीवर मांडी, डोळे मिटलेले, हलायचं नाही.

त्यांचं नेमकं काय होतं ते विचारल्यावर ते म्हणाले, "पंधरा मिनिटांनी आग सुरू होते. पण मी हलत नाही. दात आवळून चाळीस पुरी करतो."

म्हणजे ते ध्यान करत नव्हते, पहारा देत होते. फौजेत दुखणं सोसणं हे कौशल्य असतं आणि त्यावर माणूस तगतोही. पण तीच सवय ध्यानात आली की श्वास अडतो, जबडा आणि पोट घट्ट होतं, कमरेभोवतीचे स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं. माझ्या मते माजी सैनिकांचं ध्यान फसण्याचं हे पहिलं कारण आहे. मन कच्चं असणं हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

मात्र ध्यानाआधी एक गाळणी लावावी लागते. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, तेही त्याच दिवशी. मेजरांना तसं काही नव्हतं. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये त्यांनी गोळ्यांचा खरा हिशोब प्रथमच सांगितला. रोजच्या डायक्लोफेनॅकने जठर आणि मूत्रपिंडाला धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी औषध बदललं. मज्जातंतूंच्या दुखण्यावर प्रीगॅबॅलिन सुरू झालं, आणि त्यासोबत दारू चालत नाही, गुंगी वाढून श्वास मंदावू शकतो, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. ज्यांची दारू रोजची आणि जास्त आहे त्यांनी ती एकदम तोडू नये, झटके येऊ शकतात. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची.

दुसरा प्रश्न थेट विचारायचा असतो : जीव द्यावा असं मनात येतं का? बरेच माजी सैनिक बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर सशस्त्र रक्षक असतात, घरात परवान्याची बारा बोअर बंदूक असते. मनात तसे विचार असतील तर हत्यार आणि काडतुसं घराबाहेर, परवान्याच्या नियमांनुसार जमा करून ठेवायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मेजरांची भीती वेगळीच होती : मनाचं दुखणं कागदावर आलं तर पेन्शनला धक्का लागेल. समुपदेशन घेतल्याने चालू पेन्शन थांबत नाही. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगावं लागलं, त्याशिवाय ते मोकळे झाले नसते.

आता दुखण्याबद्दल. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं जुनाट मानतात. अशा दुखण्यात मूळ इजा बरीचशी भरली तरी मज्जासंस्था हळवी होऊन बसते. एकदा हल्ला झालेल्या चौकीवरचा संत्री पुढे पाला सळसळला तरी बंदूक रोखतो, तसं. झोप कमी, भीती जास्त, तर दुखण्याचा आवाज आणखी मोठा. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की कण्यात दुखण्याच्या संदेशांना जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते कमी-जास्त उघडतात. लक्ष कुठे आहे आणि मन किती घाबरलेलं आहे यावर दुखणं बदलतं, ते यामुळे. "म्हणजे सगळं मनाचे खेळ?" मेजर तडकलेच. तसं नाही. दुखणं खरं आहे, फक्त ते एकट्या मणक्यात तयार होत नाही.

मग आम्ही वहीत दोन रकाने आखले. एकात दुखणं किती, शून्य ते दहा. दुसऱ्यात त्या दुखण्याचा जाच किती, शून्य ते दहा. पहिल्या आठवड्यात दुखणं सात, जाच नऊ. ध्यान आधी दुसरा रकाना उतरवतं, पहिला नंतर थोडाफार उतरला तर उतरतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रोज पहिलाच रकाना बघून निराश होतो.

बैठक बदलली. मांडी घातली की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि सरकलेल्या गादीवर दाब वाढतो. म्हणून हात नसलेली साधी खुर्ची, दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, कमरेमागे टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी. जास्त दुखेल त्या दिवशी चटईवर उताणं पडून पोटऱ्या दोन उशांवर. पाठ भिंतीकडे, तोंड दाराकडे, म्हणजे मागून कुणी येईल का याकडे कान लागून राहत नाही. डोळे मिटायचे नाहीत. चार-पाच फुटांवर जमिनीकडे नजर सैल सोडायची. ज्याने सतत चौफेर नजर ठेवून जीव वाचवला, त्याला डोळे मिटणं हाच धोका वाटतो आणि मिटल्यावर आतली चित्रं जास्त ठळक होतात. आणि हलायची मोकळीक : दुखणं दोन अंकांनी वाढलं तर कूस बदला, उभे राहा. हा नियम मेजरांना सगळ्यात अवघड गेला.

वेळ चाळीसवरून तीन मिनिटांवर आणली, दिवसातून चारदा. ते हसले. पण शांतपणे पूर्ण झालेली तीन मिनिटं मज्जासंस्थेला जे शिकवतात, ते दात आवळून काढलेली चाळीस मिनिटं शिकवत नाहीत.

लक्ष कुठे ठेवायचं, यात दुसरी मोठी चूक होते. सगळे श्वास सांगतात. मेजरांचा श्वास मात्र त्यांना थेट फायरिंग रेंजवर नेत असे, कारण घोडा दाबताना श्वास रोखायची सवय हाडात मुरलेली. म्हणून पहिले दोन आठवडे श्वास नाहीच. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श, किंवा एकावर एक ठेवलेल्या हातांची ऊब, किंवा बाहेरचा आवाज. लक्ष भरकटलं की ओळखायचं आणि परत आणायचं. भरकटणं ही चूक धरायची नाही, परत आणणं हाच सराव. तिसऱ्या आठवड्यात श्वास आला तो असा : चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, मध्ये कुठेही रोखायचा नाही, पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी उतरते. डोकं हलकं वाटलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

चालणंही याच आठवड्यात सुरू झालं. अंगणात बारा पावलं जायचं, थांबायचं, वळायचं, परत. टाच, चवडा, बोटं असा स्पर्श ओळखत. मेजर माळकरी घरातले, त्यांनी आपणहून पावलांना 'रामकृष्णहरी' जोडलं. छान चाललं. ज्याला नाम जवळचं आहे त्याच्या हातून ते काढून परकी सूचना देण्यात मला अर्थ दिसत नाही.

चौथ्या आठवड्यात शरीरभर लक्ष फिरवणं, बारा मिनिटं. ध्वनिफितीत सहसा पायापासून सुरुवात होते. मेजरांचा उजवा पायच पेटलेला, म्हणजे दुसऱ्या मिनिटालाच ते आगीत. आम्ही तळहातांपासून सुरुवात केली, मग कानाच्या पाळ्या, खांदे. न दुखणाऱ्या जागा आधी. त्यानंतर दुखण्याच्या मध्यात न शिरता त्याच्या कडेपर्यंत जायचं : कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ठणका आहे की जळजळ की ओढ? दोन-तीन श्वास तिथे थांबायचं आणि परत तळहातांवर. चार-पाच वेळा अशी ये-जा. सहाव्या आठवड्यात मेजर म्हणाले, "आख्खी कंबर दुखते असं वाटायचं. दुखतंय ते तळहाताएवढंच. बाकीचं मी आवळून धरलेलं."

पाचव्या आठवड्यात मात्र गाडी अडली. गावात लग्नाची वरात निघाली, सुतळी बॉम्ब फुटला, आणि त्या रात्री ध्यानाला बसल्यावर पुढची जळती गाडी समोर उभी राहिली. अंगाला घाम, हात थंड, आपण घरात आहोत याचं भान नाही. अशा वेळी 'फक्त निरीक्षण करा' ही सूचना घातक आहे. ध्यान तिथेच थांबवायचं. डोळे पूर्ण उघडायचे, टाचा जमिनीत जोराने दाबायच्या, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, थंड पाण्याने तोंड धुवायचं आणि मोठ्याने म्हणायचं : आज ही तारीख, मी माझ्या घरात आहे, ते होऊन गेलं. वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतं की अशा वेळी किंवा झोपेत दचकले तर खांद्याला हात लावून हलवायचं नाही. अंथरुणाच्या पायांकडच्या बाजूला उभं राहून नावाने हाक मारायची, दिवा लावायचा.

पुढचा आठवडा आम्ही फक्त चालणं आणि तळपाय ठेवले. ध्यानानंतर दोन तास माणूस थरथरता राहत असेल, लागोपाठ तीन रात्री झोप बिघडत असेल किंवा सगळं खोटं-खोटं वाटत असेल, तर मात्रा कमी करायची आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. स्फोटाच्या आठवणीवरचा उपचार ध्यान नाही. त्यासाठी आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचार पद्धती आहेत. मेजरांना तिकडे पाठवलं आणि ध्यान जोडीला राहिलं.

जोडीला म्हणते त्याला आधार आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा सजगतेच्या ध्यानाचा (माइंडफुलनेस) अभ्यासक्रम सुरू केला, त्याचे सुरुवातीचे बरेच रुग्ण जुनाट दुखण्याचेच होते. २०१६ साली कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात सहा महिन्यांनी रोजच्या हालचालीत ठळक सुधारणा दिसलेले लोक सजगतेच्या गटात सुमारे ६१ टक्के होते, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत ४४ टक्के. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात आघातोत्तर ताण (पीटीएसडी) असलेले ११६ माजी सैनिक होते. सजगतेच्या गटाने स्वतः नोंदवलेली लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतरली, पण निदानच पुसलं जाण्याचं प्रमाण दोन्ही गटांत वेगळं नव्हतं. उपयोग आहे, बेताचा आहे. त्याहून जास्त वचन देणाऱ्यापासून लांब राहावं.

मेजरांच्या मेहुण्याने इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आग्रह धरला होता. शिबिर वाईट नाही, पण पहाटे चारला उठून दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, मौन, आणि चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचा निश्चय, हे सगळं अशा अवस्थेतल्या माणसाला झेपणारं नाही. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथे लपवाछपवी करू नये.

राहिलं शेतातलं काम, आणि खरं नुकसान तिथेच होत होतं. बरं वाटलं त्या दिवशी मेजर चार तास भांगलण करत, मग दोन दिवस अंथरुणात. घड्याळ लावून बघितलं : वाकून काम केल्यावर दुखणं दोन अंकांनी वाढायला पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उताणं पडून तळहातांवर लक्ष, परत वीस. बरं वाटलं तरी वीसच. आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. आठव्या आठवड्यात वहीत दुखणं सहा, जाच चार, झोप साडेपाच तास. रम आठवड्यातून एकदा, तीही सोडायची बोलणी डॉक्टरांशी चालू.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, माउलींच्या पालखीबरोबर चालू का? पूर्ण वारी नको, लोणंद ते तरडगाव हा छोटा टप्पा घ्या. अर्धा-अर्धा तास चालून थांबा, गर्दीच्या कडेने चला, पट्टा आणि गोळ्या पिशवीत, सोबत वहिनी. रिंगणाला उभं राहायचं तर पाठीला काहीतरी टेकू बघा.