नाशिकच्या बागेत रानटी प्रिमरोझ येईल का?

खरं सांगू? हौस म्हणून लावा, पण भरवसा ठेवू नका. पिवळसर फुलांचा हा प्रिमरोझ युरोपातल्या थंड, ओलसर झाडीतला. आपली थंडी त्याला मानवते, पण एप्रिल-मेचं ४० अंशांचं ऊन सोसत नाही. आणि बियांपासून रोप बहुतेक दुसऱ्या वर्षीच फुलतं, म्हणजे मधला उन्हाळा चुकत नाही.

तरीही करायचंच असेल तर ओल्या कोकोपीटमध्ये बी मिसळून तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. नोव्हेंबरात कुंडीत पसरा, वर माती टाकू नका. त्याला उगवायला उजेड लागतो. फुलंच हवीत तर हिवाळ्यात नर्सरीत संकरित रोप मिळालं तर आणा आणि एका हंगामापुरतंच समजा.

मी तुमच्या जागी असतो तर तेरडा लावला असता. जूनमध्ये बी फेका, गौरी येईपर्यंत फुलं. पिकलेल्या बोंडाला हात लावला की ते फुटून बी उडतं, त्यामुळे पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. रंग तीन दिवस का असेना!

फक्त अंजनेरीवरून रानफुलं उपटून आणू नका. तिथलं कंदीलपुष्प आधीच दुर्मीळ आहे.