टाटाच्या ट्रकवरचा तारा आणि तुझी 96 ची ई 250

तुझे प्रश्न तीन आहेत, मी उलटीकडून घेतो. ओळखीत 96 सालची, पिंपरीत जोडलेली मर्सिडीज ई 250 डिझेल मिळतेय ती घ्यावी का. बाबा म्हणतात मर्सिडीज कधी बिघडत नाही आणि ऑफिसातला मित्र म्हणतो नाव मोठं लक्षण खोटं, तर खरं कोण. आणि टाटाच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा असायचा ही बाबांची थाप आहे का. (वयाने लहान वाटतोयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

थाप अजिबात नाही. टेल्को (म्हणजे टाटा मोटर्सचं जुनं नाव) 1945 ची, निघाली होती रेल्वेची इंजिनं बनवायला, आणि 1954 ला त्यांनी डायम्लर-बेंझबरोबर 15 वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बाहेर पडायला लागले. ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा आणि नाव टाटा-मर्सिडीज-बेंझ. 1969 ला करार संपला, तारा उतरला, त्या जागी टाटांचा टी आला, पण ट्रकचा चेहरामोहरा पुढे कितीतरी वर्षं त्याच वळणाचा राहिला. मी लहान असताना हायवेवरचे मेस्त्री टाटाच्या ट्रकला सरळ मर्सिडीज म्हणायचे, तारा नसलेल्यालासुद्धा. म्हणजे आपल्याकडे बनलेली मर्सिडीज आधी ऊस वाहायला आली, शेठला घेऊन फिरायला नंतर. आणि डायम्लरने टाटा मोटर्समधला उरलेला वाटा विकला कधी, तर 2010 ला! तोवर पातळ का होईना पण नातं होतं.

हे आधी एवढ्यासाठी सांगितलं की या कंपनीचं नाव ट्रक आणि टॅक्सीने कमावलंय असं माझं कधीपासूनचं मत आहे, पोस्टरवरच्या गाड्यांनी नाही. लोक उलटं समजतात.

सुरुवातीची गोष्ट थोडक्यात. कार्ल बेंझने मानहाइममध्ये 29 जानेवारी 1886 ला तीनचाकी मोटरगाडीच्या पेटंटचा अर्ज केला, नंबर 37435. एक सिलिंडर, 954 सीसी, ताकद एका घोड्याचीपण नाही, पाऊणच. त्याच वर्षी तिकडे श्टुटगार्टजवळ कानश्टाटला गोटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख घोडागाडीत इंजिन बसवत होते, दोन वेगळी दुकानं, एकमेकांशी काही संबंध नाही. पण बेंझची गाडी घ्यायला कोणी तयार नव्हतं आणि खरी कामगिरी केली ती त्याच्या बायकोने. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी काढून माहेरी निघाली, मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत पेट्रोल कुठलं मिळायला, पंप ही भानगडच जन्माला यायची होती, मग विसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन म्हणून कपड्याचे डाग काढायचं द्रव्य मिळायचं ते घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने साफ केली, वायर उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला, ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं, म्हणजे पहिलं ब्रेक लायनिंगच ते. चढाला मुलांनी ढकलली. घरी आल्यावर बाईने सांगितलं की चढासाठी अजून एक गिअर पाहिजे. गाडी विकत घेणाऱ्याला काय काय त्रास होतो हे त्या कंपनीत सगळ्यात आधी तिला कळलं असं म्हणायला हरकत नाही.

मर्सिडीज हे नाव मात्र जर्मन नाही, एका मुलीचं आहे, स्पॅनिश वळणाचं. एमिल येलिनेक म्हणून नीसमध्ये राहणारा पैसेवाला व्यापारी डायम्लरच्या गाड्या विकायचा, त्याने 1900 साली एकदम 36 गाड्यांची ऑर्डर दिली, अट एकच की गाडी नवीन, हलकी, बुटकी पाहिजे आणि नाव माझ्या पोरीचं. मायबाखने 35 हॉर्सपॉवरची गाडी बनवली, 1901 ला नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना धूळ चारली आणि नाव चिकटलं. येलिनेकने तर पुढे स्वतःचं आडनावच येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं. बाप असावा तर असा. तारा 1909 चा, जमीन पाणी हवा तिन्हीकडे आमची इंजिनं असा अर्थ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचं पार कंबरडं मोडलं, दोन्ही कंपन्या बुडायच्या बेतात होत्या, तेव्हा बँकेच्या रेट्याने 1926 ला एकत्र आल्या आणि डायम्लरचा तारा नि बेंझची लॉरेलच्या पानांची माळ एका बिल्ल्यात बसली.

आता एक भाग जो गाडीप्रेमी मंडळी घाईने ओलांडून जातात. नाझी काळात ही कंपनी नुसती हिटलरच्या मिरवणुकीच्या गाड्या बनवत नव्हती, विमानांची इंजिनं बनवत होती, मेसरश्मिट 109 या लढाऊ विमानात यांचंच इंजिन. आणि 1944 साली कंपनीच्या 63,610 माणसांपैकी जवळजवळ निम्मे वेठबिगार, युद्धकैदी नाहीतर छळछावणीतून आणलेले कैदी होते. हे कोणी विरोधकाने लिहिलेलं नाही, कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते, पण सांगायला वेळ घेतला, 1988 ला 2 कोटी मार्क दिले, म्हणजे युद्ध संपल्यावर 43 वर्षांनी. "जर्मन लोक कामाचे पक्के" असं आपण कौतुकाने म्हणतो ना, तेव्हा हे काम कुणाकडून आणि कसं करून घेतलं तेही ठाऊक असावं.

युद्धानंतर कारखाने बॉम्बने उद्ध्वस्त झालेले, त्यातून दहा वर्षांत फांजिओ हा शर्यतपटू मर्सिडीजच्या गाडीत बसून 1954 आणि 55 ला फॉर्म्युला वन जिंकतो इथवर मजल गेली. मग 11 जून 1955, फ्रान्समधली ल मांची शर्यत, पिएर लेवेगची मर्सिडीज उडून प्रेक्षकांत गेली, ऐंशीच्या वर माणसं मेली. वर्षअखेरीला कंपनी रेसिंगमधून बाहेर पडली ती कितीतरी वर्षं परत फिरकली नाही.

माझ्या मते खरा सुवर्णकाळ इथून पुढचा आणि त्यात शर्यतींचा काही वाटा नाही. बेला बारेनी म्हणून इंजिनिअर होता यांच्याकडे, त्याने डोकं चालवलं की गाडी सगळीकडून टणक करणं हा मूर्खपणा आहे, पुढचा मागचा भाग मुद्दाम चेपणारा ठेवायचा म्हणजे धक्का तो खाईल आणि मधली माणसं बसायची पेटी टणक ठेवायची. 1959 च्या फिनटेल या त्यांच्या मॉडेलपासून ते आलं. तोवर लोक समजायचे की ठोकल्यावर गाडीला काही झालं नाही म्हणजे गाडी चांगली (आपल्याकडे काही काका अजून तेच समजतात, बोनेटवर बुक्की मारून बघतात). 1978 ला बॉशबरोबर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं), 1981 ला एअरबॅग, दोन्ही आधी एस क्लासमध्ये आले आणि आता तुझ्या हॅचबॅकमध्ये आहेत.

आणि डिझेल! 1936 ची 260 डी, डिझेलवरच्या सुरुवातीच्या कारपैकी, घेतली कोणी तर टॅक्सीवाल्यांनी. हाच धागा पुढे डब्ल्यू 115, डब्ल्यू 123 पर्यंत (हे कंपनीचे मॉडेलचे आतले नंबर). डब्ल्यू 123 म्हणजे 1976 ते 85 ची, सुमारे 27 लाख गाड्या बनल्या, सुरुवातीला तर वेटिंग इतकं की वापरलेली गाडी नव्याच्या भावात जायची. तिच्यातल्या 240 डी या डिझेल मॉडेलचा पिकअप म्हणशील तर बैलगाडी लाजेल, पण बंद पडायची नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने त्या काळातली 240 डी 46 लाख किलोमीटर चालवून कंपनीला परत दिली, ती म्युझियममध्ये ठेवलीय. मोरोक्कोत गावागावांमधल्या शेअर टॅक्सी कितीतरी वर्षं याच होत्या, पुढे दोन मागे चार माणसं कोंबून, आपल्या काळी-पिवळीसारखं. पूर्व आफ्रिकेत तर स्वाहिलीत वाबेंझी असा शब्दच पडला, बेंझवाल्यांची जमात, म्हणजे सत्तेतून गब्बर झालेले लोक. एकच गाडी, एकीकडे सहा जण कोंबलेली टॅक्सी आणि दुसरीकडे मंत्र्याची, असा मान दुसऱ्या कुठल्या बनावटीला मिळाल्याचं मला माहीत नाही. तुझे बाबा बोलतात ते या मर्सिडीजबद्दल. त्यांचं काही चुकत नाही.

मित्राचंही चुकत नाही, तो पुढच्या मर्सिडीजबद्दल बोलतोय. नव्वदच्या दशकात जपानी लोक तशीच गाडी स्वस्तात द्यायला लागले आणि यांचा हिशेब फिरला. तोवर इंजिनिअर गाडी बनवायचे आणि मग किंमत ठरायची, आता किंमत आधी ठरायला लागली. 1995 ला आलेली डब्ल्यू 210, तीच ती गोल डोळ्यांची ई क्लास, तिला युरोपात इतका गंज लागला की नाचक्की झाली. 1997 ला छोटी ए क्लास आली आणि एका स्वीडिश मासिकाने रस्त्यात अचानक मूस (सांबरासारखं मोठं हरीण) आलं तर वळवायची म्हणून असते ती टेस्ट घेतली तर गाडी आडवीच झाली, आणि पूर्व जर्मनीची टर उडवली जाणारी ट्राबंट तीच टेस्ट आरामात पास झाली. पण त्यांनी विक्री थांबवली, गाड्या परत घेतल्या आणि सगळ्या ए क्लासना ईएसपी (गाडी घसरायला लागली तर आपोआप सावरणारी यंत्रणा) लावून दिलं, त्यामुळे छोट्या गाडीतसुद्धा ईएसपी असायला पाहिजे हे बाकीच्यांना पटायला लागलं. चूक करून सुद्धा उपकार केले म्हण. 1998 ला क्रायस्लरशी लग्न, "बरोबरीचं" म्हणून गाजावाजा करून, आणि 2007 ला काडीमोड. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक ब्रेक वगैरेवरून 2004 ला 6 लाख 80 हजार आणि 2005 ला 13 लाख गाड्या परत बोलवल्या. डिझेलच्या धुराच्या भानगडीत अमेरिकेत 2020 ला दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली, तो डिझेल ज्याच्यावर अख्खं नाव उभं होतं. मधल्या काळातल्या गाड्या वाईटच असं नाही, पण 2004 ते 2006 च्या आसपासचं व्ही 6 पेट्रोल कोणी स्वस्तात देत असेल तर बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) काय ते विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता तुझ्या गाडीवर येतो, कारण ती बरोबर या दोन मर्सिडीजच्या सीमेवर आहे. मर्सिडीजने भारतात कंपनी काढली 1994 ला टेल्कोबरोबर, आणि 1995 पासून पिंपरीला टेल्कोच्याच आवारात ई क्लास जोडायला लागले (चाकणचा कारखाना 2009 चा). पण जी जोडायला लागले ती डब्ल्यू 124, म्हणजे जर्मनीत 1984 ला आलेली आणि तिकडे 1995 लाच बंद होत असलेली. तेव्हा आपल्याकडे ओरड झाली की आम्हाला शिळं वाढताय. आता मागे वळून बघितलं तर शिळं तेच चांगलं निघालं, तिकडे ताजं म्हणून जे आलं त्याला गंज लागला! डब्ल्यू 124 ही जुन्या हिशेबाने बनलेली शेवटची ई क्लास, आणि पाच सिलिंडरचं अडीच लिटर डिझेल म्हणजे थेट त्या टॅक्सीवाल्यांच्या घराण्यातलं. दार लावल्यावर जो धप्प आवाज येतो ना, तो ऐकून माणूस सही करून मोकळा होतो, म्हणून आधी सांगतो काय बघायचं.

मीटरवर विश्वास ठेवू नको. मला एका गाडीबाजारवाल्याने एकदा 80 हजार म्हणून दाखवलेली गाडी, सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागवल्या तर तीन लाखांच्या पुढे होती, आणि खरं सांगू का, गाडी तरी चांगली होती, खोटं बोलला म्हणून सोडली. खाली वाकून जॅक लावायच्या जागा बघ, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, तिथे गंज लपतो. पुढचे मडगार्ड खालून, बॅटरीच्या खालचा ट्रे, मागच्या काचेची खालची कड. इंजिनाची वायरिंग हाताळून बघ, नव्वदच्या मधल्या वर्षांत वायरचं आवरण पर्यावरणाला सोसणारं म्हणून वापरलं ते उष्णतेने पापडासारखं तुटतं, पेट्रोल गाड्यांना जास्त पण डिझेललाही बघून घे. सेंट्रल लॉकिंग व्हॅक्यूमवर चालतं, एका दाराचं लॉक पडत नसेल तर तासभर नळ्या शोधत बसावं लागतं. प्रोपेलर शाफ्टची रबरं, सस्पेन्शनचे बुश, एवढं बदलायचंच असं धरून भाव कर. थंड इंजिनावर स्टार्ट करायला लाव, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पीत बस आणि निवली की परत लाव.

कागदांचं विसरू नको, 15 वर्षांच्या पुढची गाडी म्हणजे पुनर्नोंदणी झालीय का, पुढची मुदत कधीपर्यंत, पर्यावरण कर भरलाय का, हे आरसीवर स्वतः बघ, "होऊन जाईल साहेब" ऐकून घेऊ नको. आणि मेस्त्री आधी शोध, गाडी नंतर. शोरूमच्या दारात गेलास तर बिलाचे आकडे नव्या गाडीच्या हिशेबाने येतील, पण पुण्यात जुन्या 124 वर हात बसलेले मेस्त्री अजून आहेत, त्यातले काही आधी टाटाचे ट्रकच करायचे.

पैसे किती सांगतोय ते लिहिलं नाहीयेस. भाव आणि खालून काढलेले फोटो टाक, जॅक पॉइंटचे खास, मग बोलू.